आप्पांचं देणं

आप्पांनी कधी संगणकाला हात लावला नाही आणि माझी सगळी नोकरी संगणकापुढची. तरी उपग्रहानं टिपलेली आग कशी वाचायची, हे मला त्यांनी शिकवलं. प्रबंधाच्या आभारात मार्गदर्शक आले, संस्था आली, बांधणी करून देणारा दुकानदारसुद्धा आला. आप्पांनी मात्र स्वतःचं नाव घालू दिलं नाही. "वनमजुराचं कसलं आलंय नाव पुस्तकात?" म्हणाले. त्यांचा शब्द इथंही पाळते.

चेलाडी फाट्याला हमरस्ता सोडून नसरापूरवरून वेल्ह्याकडे निघालं की फेब्रुवारीपासूनच डोंगर पिवळे पडलेले दिसतात. गवत वाळतं, कारवीचा पाला कुरकुरीत होतो आणि एखाद्या रात्री उतारावर तांबडी रेघ वर सरकू लागते. आपोआप लागलेला वणवा आप्पांनी उभ्या नोकरीत पाहिला नाही. कुणी पेटती बिडी टाकतं, कुणी किल्ल्यावर येऊन चूल न विझवता जातं. आणि जाळलं की पावसाळ्यात गवत जोमानं फुटतं, हा समज तर पिढ्यान्‌पिढ्यांचा.

उपग्रहाला हे सगळं दिसतं ते उष्णतेमुळं. एरवीची जमीन दहा मायक्रॉनच्या आसपासच्या अवरक्त लहरी सर्वांत जास्त सोडते. ज्वाळा चार मायक्रॉनला झळकते. त्यामुळं उपग्रहाच्या चित्रातल्या एका चौकोनाचा अगदी थोडा भाग पेटला तरी तो शेजारच्या चौकोनांत उठून दिसतो. २०११ साली सोडलेल्या सुओमी एनपीपी उपग्रहावरच्या व्हिअर्स उपकरणाचा चौकोन ३७५ मीटरचा. पण हा उपग्रह डोक्यावरून जातो दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास. आपला इन्सॅट-३डीआर दर अर्ध्या तासानं बघतो, मात्र ३६ हजार किलोमीटरवरून. त्याचा चौकोन चार किलोमीटरचा, त्यात अख्खी वाडी, ओढा आणि डोंगराची सोंड मावते. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून अशा उठून दिसणाऱ्या ठिपक्यांवरून राज्यांच्या वनखात्यांना इशारे देते. आता ते थेट मोबाइलवर येतात.

"संध्याकाळी पाचला पेटलं, नऊला आम्ही झोडपून विझवलं. तुझ्या सॅटेलाइटला काय कळलं?" आप्पा विचारायचे. काहीच नाही, हेच खरं उत्तर होतं. ओल्या टहाळांनी चार तास आग झोडपणारी माणसं आमच्या आकडेवारीत नसतात, कारण त्यांनी विझवलेला वणवाच तिथं नसतो. हा प्रश्न माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण झाला.

पण मोठं देणं राबाचं. एका एप्रिलमध्ये माझ्या नकाशावर वाड्यांना लागून ठिपक्यांची दाटी झाली होती. बाहेरचा माणूस बेधडक 'जंगलात आगी' असं लिहून मोकळा झाला असता. आप्पा मला भाताच्या खाचरात घेऊन गेले. तरव्यासाठी राखलेल्या कोपऱ्यात शेणाचा थर, त्यावर कवळं, मग पातेरा आणि वाळकं गवत, सगळ्यावर भुरभुरलेली बारीक माती. मातीमुळं पाला उडत नाही आणि राब हळूहळू धुमसतो. पेटवायचाही वाऱ्याच्या उलट बाजूनं, म्हणजे आग पळत नाही. तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं, आणि जूनमध्ये त्यावर रोप टाकायचं. पुण्यात ज्या आंबेमोहराचा वास वाखाणला जातो, त्याची सुरुवात अशा धुरात होते.

आप्पांनी भाजून झालेल्या राबातली मूठभर राख तळहातावर चोळून दाखवली. पांढुरकी, जड, खालची माती भाजून विटकरी. मग डोंगराच्या कडेला नेलं. तिथली राख काळी, फुंकरीनं उडणारी. खालची माती जशीच्या तशी आणि गवताच्या बुडख्यात अजून ओल. "एक आग बसते, एक पळते," एवढंच म्हणाले. घरी येऊन सेंटिनेल-२ उपग्रहाची दहा मीटरची चित्रं काढली. बसलेल्या आगीचे डाग खाचरांत लहान, तुटक. पळालेल्या आगीचा डाग उतारभर लांबलेला. ठिपके वेगळे करायची माझी सगळी पद्धत त्या दोन मुठींवर उभी आहे. पुढची गणितं माझी, पण ती सोपी होती.

धुराचंही तसंच, उपग्रहाला दिसतं त्याहून आप्पांना जास्त ठाऊक. हवेतल्या कणांचा पडदा किती दाट, हे उपग्रह सूर्यप्रकाशात मोजतो, तेही जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेचं मिळून. उन्हाळ्याच्या दुपारी धूर उंच चढून विरतो. रात्री डोंगरावरची गार हवा खाली उतरते आणि धूर गुंजवणीच्या खोऱ्यात कोंडतो; तेव्हा मोजायला ऊन नसतं. पीएम २.५ या बारीक कणांची आपल्याकडची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. पाषाणच्या आयआयटीएमची 'सफर' यंत्रणा हे आकडे देते ते पुणे शहरासाठी. खोऱ्यात अशा रात्री ते किती भरतात हे सांगणारा आकडा माझ्यापाशी नाही. आप्पांच्या घरी काकूंचा खोकला पहाटे चारला सुरू व्हायचा, एवढी नोंद मात्र आप्पांकडे पक्की होती. म्हणूनच पुढं आम्ही स्वस्तातली दोन संवेदक यंत्रं मागवली, आणि पहिलं त्यांच्याच पडवीत लावलं.

प्रबंध छापून आला तेव्हा प्रत घेऊन गेले. राब आणि वणवा वेगळे मोजलेत, शेतकऱ्याच्या माथी जंगल जाळल्याचा ठपका आता सरसकट येणार नाही, असं मी उत्साहानं सांगत होते. आप्पांनी नकाशा डोळ्यांजवळ धरला आणि जानेवारीतल्या सरळ रांगेतल्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. वणवा पुढं सरकू नये म्हणून वनखातं गवताचे पट्टे आधीच जाळून काढतं, त्या जाळरेषा होत्या.

"ह्या आम्ही जाळल्यात, साहेबांच्या हुकमानं. ह्याही वगळ पोरी. राखीव जंगलात आग लावली म्हणून १९२७च्या कायद्यानं आमच्यावरच गुन्हा दाखल व्हायचा."

दुसऱ्या आवृत्तीत वगळल्या.