बुडालेले जहाज पाहायला निघण्यापूर्वी

आपल्या नगर जिल्ह्याला समुद्र नाही. अकोले तालुक्यात भंडारदरा, राहुरीकडे मुळा धरण आणि शेवगावच्या बाजूला जायकवाडीचा फुगवटा, एवढेच आपले मोठे पाणी. त्यामुळे आमच्या थोरल्या मुलीने जेवता जेवता, "पप्पा, आपण मालवणला जाऊन समुद्राच्या तळाचे जहाज पाहू," असे म्हटले, तेव्हा आईच्या हातातला घास हातातच राहिला. "घरात कोणाला विहीर पोहून जाता येत नाही आणि निघाले समुद्राच्या तळाला!" आई म्हणाली.

मुलीने वाचलेली बातमी खरी होती. 'आयएनएस गुलदार' हे आपल्या नौदलाचे जहाज. सैनिक आणि रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवण्यासाठी बांधलेले, सुमारे ८४ मीटर लांबीचे. १९८५ साली पोलंडमध्ये ते नौदलात दाखल झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअर येथे निवृत्त झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवण्यात आले. सिंधुदुर्गातील निवती रॉक्सजवळ ते समुद्रतळाशी ठेवायचे, म्हणजे त्यावर प्रवाळ वाढेल, मासे घर करतील आणि लोकांना पाण्याखालचे संग्रहालय पाहता येईल, अशी ही योजना आहे. त्यासाठी आधी जहाजातील तेल व घातक वस्तू काढून ते स्वच्छ करावे लागते, नाहीतर माशांना घर देण्याऐवजी आपण विषच द्यायचो.

आमच्या वस्तीतील चार कुटुंबांनी मिळून जायचे ठरवले. दरमहा प्रत्येकी पाचशे रुपये बाजूला टाकायला सुरुवात केली आणि मी वही घेऊन चौकशीला बसलो. त्या चौकशीत जे कळले, ते आपल्यासारख्या घरांना उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

पहिली गोष्ट, मालवणला पर्यटक जी 'स्कूबा' करतात ती आणि बुडालेले जहाज पाहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास थोड्या खोलीवर प्रशिक्षक आपल्याला धरून नेतो, मासे दाखवतो आणि वर आणतो. त्याला पोहता आले नाही तरी चालते. पण खोलवरच्या जहाजापाशी जायचे तर रीतसर शिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. पहिल्या पायरीचा अभ्यासक्रम साधारण तीन-चार दिवसांचा असतो. त्यात न थांबता २०० मीटर पोहून दाखवावे लागते आणि १० मिनिटे आधाराशिवाय तरंगावे लागते. एवढे केल्यावर १८ मीटर खोलीपर्यंत जाण्याची मुभा मिळते. त्याहून खोल जायला पुढची पायरी आणि जहाजाच्या आत शिरायला आणखी वेगळे शिक्षण. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे हे शिकता येते.

दोनशे मीटर पोहणे! वहीत हा आकडा लिहिला आणि आईचे बोलणे आठवले. आमच्या घरात पोहणे कोणाला येत नाही, हा काही योगायोग नाही. गावातली इतर पोरे उन्हाळाभर पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून विहिरीत उड्या मारीत आणि आठवड्यात पोहायला शिकत. माझे वडील सांगत, आमच्या वस्तीतली पोरे लांब बांधावर उभी राहून बघत. ज्या समाजाला तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला जावे लागले, त्या समाजातल्या पोराला विहिरीत डुंबू कोण देणार? वडिलांना पोहता आले नाही, म्हणून मला कोणी शिकवले नाही, आणि मला येत नाही म्हणून माझी मुलगी पाण्याला घाबरत वाढली. आज शहरात पोहण्याचा तलाव आहे, पैसे भरले की कोणीही अडवत नाही. तरी आपली मुले तिकडे फिरकत नाहीत. अडवणारा गेला, पण सवय लागायची राहिली.

म्हणून आमच्या सहलीचा पहिला मुक्काम मालवण नसून नगरचा पोहण्याचा तलाव ठरला. जमलेल्या पैशातून आधी सहा मुलांची फी भरली. त्यांत चार मुली आहेत.

दुसरी गोष्ट शरीराची. पाण्यात दर १० मीटरला हवेच्या एका थराइतका दाब वाढतो. वर जेवढा दाब असतो त्याच्या दुप्पट १० मीटरवर आणि तिप्पट २० मीटरवर. कानात दडा बसतो, तो नाक दाबून हळूच हवा ढकलून मोकळा करावा लागतो. सर्दी झाली असेल तर कान मोकळा होत नाही, पडद्याला इजा होते. सर्वांत मोठा नियम श्वासाचा आहे. खाली टाकीतली हवा छातीत भरून घेतली आणि श्वास रोखून वर आले, तर १० मीटरवर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. म्हणून श्वास कधी रोखायचा नाही आणि वर यायचे ते सावकाश.

पाण्यात उतरण्यापूर्वी एक फॉर्म भरून घेतात. दमा, हृदयविकार, फिट, कानाचे दुखणे, रक्तदाब, चालू औषधे, असे प्रश्न असतात. मला दोन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी आहे. फोनवर एका एजंटाला तसे सांगितले, तर तो म्हणाला, "साहेब, सगळीकडे 'नाही'वर खूण करा, कोण तपासतंय?" खरे सांगतो, मला मोह झाला. वर्षभर पैसे साठवायचे आणि ऐन वेळी आपणच होडीत बसून राहायचे, हे मनाला पटेना. मुलगी फॉर्म बघत होती. ती म्हणाली, "पप्पा, तो फॉर्म त्यांच्यासाठी नाही, आपल्यासाठी आहे." मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासून सांगितले, रक्तदाब आटोक्यात येईपर्यंत नको, सहा महिन्यांनी पाहू. मी 'होय'वर खूण केली आणि त्या एजंटाला पुन्हा फोन केला नाही.

तिसरी गोष्ट परतीच्या प्रवासाची. ती आपल्या घाटावरच्या माणसाला कोणी सांगत नाही. पाण्याखाली असताना हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. लगेच उंचावर गेले, तर त्याचे बुडबुडे होऊन सांधे दुखतात, कधी जिवावरही बेतते. म्हणून डुबकीनंतर किमान १८ तास विमानात बसू नये असा दंडक आहे. आपण विमानाने जात नाही हे खरे, पण मालवण समुद्राकाठी आणि नगर सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर. मध्ये आंबोली किंवा गगनबावड्याचा घाट. खोल डुबकी मारून त्याच संध्याकाळी घाट चढायचा नाही, रात्र मालवणलाच काढायची. आम्ही एक मुक्काम वाढवला. त्या वेळात सिंधुदुर्ग किल्ला होतो. १६६४ साली बांधायला घेतलेला हा जलदुर्ग पाहायला पोहता येण्याची गरज नाही. आई तिथेच येणार आहे.

होडीची गोष्टही वहीत लाल शाईने लिहिली आहे. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. लाइफ जॅकेट अंगात असल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही, आणि होडी भरलेली दिसली तर पुढच्या होडीची वाट पाहायची. पावसाळ्यात तर विचारही करायचा नाही. मुंबईला गोदीत काम केलेले आमचे आजोबा 'रामदास' बोटीची आठवण सांगत. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट भर पावसाळ्यात उलटली. गटारीसाठी गावी निघालेली कष्टकरी माणसे तीत होती. सहाशेहून अधिक गेली. महिन्याभरात स्वातंत्र्य येणार होते.

हे मुलांना मुद्दाम सांगितले. 'गुलदार' रिकामे करून तळाशी ठेवायचे जहाज आहे, पण समुद्रातले प्रत्येक जहाज तसे नसते. गोव्याजवळ सुंची रीफ येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना एका जुन्या जहाजाचे अवशेष मिळाले, त्यात हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी होती. कुठून काय चालले होते, हे त्यावरून कळते. कोणी हौशी माणसाने त्यातली एक बशी घरी नेली असती, तर तेवढा इतिहास पुसला गेला असता. म्हणून पाहायचे, हात लावायचा नाही, उचलायचे तर मुळीच नाही.

आता आमचा बेत असा आहे. या वर्षी मुलांनी पोहायला शिकायचे. हिवाळ्यात मालवणला जाऊन किल्ल्याजवळची उथळ डुबकी मारायची. पुढच्या वर्षी ज्यांची तयारी होईल त्यांनी तारकर्लीला प्रमाणपत्र घ्यायचे, आणि त्या वेळी 'गुलदार' पाहायला खुले आहे का, याची महामंडळाकडे चौकशी करूनच गाडी ठरवायची. पैसे रोख दिले तरी पावती घ्यायची.

गेल्या रविवारी मी तलावावर गेलो होतो. मुलगी काठ सोडून पहिल्यांदा पलीकडे पोहत गेली. २५ मीटर. अजून १७५ बाकी आहेत. आई बाकावर बसून बघत होती. घरी येताना तिने विचारले, "बायांसाठी वेगळी वेळ असते का रे तिथं?" मी सकाळची वेळ विचारून ठेवली आहे.