तट्ट्यांच्या भिंतींचं घर

गडचिरोलीच्या बाजारात बुरडकाम करणारी बाई बांबू फोडत बसलेली असते, तिथं मी हमखास थांबते. कोयता ती जोरानं मारत नाही. बांबूच्या तोंडाशी नुसता टेकवते आणि हळूहळू दाबत नेते. मग बांबू आपणहून उभा चिरत जातो. हिरवी पाठ वेगळी, पांढरं पोट वेगळं. संध्याकाळपर्यंत त्याचं सूप होतं, टोपली होते, भिंतीला लावायचा तट्टा होतो. आमच्या भागात बांबू अंगणात असतो, छपरात असतो, पावसाळ्यात वास्त्यांच्या, म्हणजे कोवळ्या कोंबांच्या, भाजीत असतो, आणि बल्लारपूरच्या कारखान्यात त्याचा कागदही होतो.

म्हणून ख्रिस्ती संन्यासिनी मदर एलिश्वांबद्दल वाचताना मी अडकले ती त्यांच्या घराच्या भिंतीपाशी. १३ फेब्रुवारी १८६६ रोजी केरळातल्या कूनम्माव गावी चार बायकांनी बांबूच्या तट्ट्यांच्या घरात मठ मांडला. एलिश्वा, त्यांची मुलगी अन्ना, धाकटी बहीण त्रेसिया आणि चौथी क्लारा. केरळच्या मातीतला स्त्रियांचा हा पहिला संन्यस्त संघ. आई, लेक आणि मावशी एकाच दिवशी एकाच मठात शिरल्या.

एलिश्वांचा जन्म १८३१चा, कोचीजवळच्या वैपिन बेटावरचा. सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि विशीतच कपाळ पांढरं झालं; पदरात तान्ही लेक. घरच्यांनी दुसऱ्या लग्नाचा धोशा लावला. त्या नाही म्हणाल्या आणि घराजवळच्या एका खोपटात प्रार्थनेला बसू लागल्या. त्याच काळात आपल्याकडे विधवेला पुन्हा लग्न करता यावं म्हणून भांडण चाललं होतं. १८५६चा कायदा त्यातूनच आला. एलिश्वांचं भांडण वरवर उलट्या दिशेचं दिसतं. मला मात्र दोन्हींच्या मुळाशी एकच हट्ट दिसतो: माझ्या आयुष्याचं काय करायचं ते मी ठरवीन.

इटलीहून आलेले कार्मेलाइट धर्मगुरू लिओपोल्ड बेक्कारो आणि फादर कुरियाकोस एलियास चावरा यांचा या कामाला आधार होता. दोन वर्षांत मठात मुलींची शाळा सुरू झाली, वसतिगृह आलं, अनाथ मुलींना आसरा मिळाला. घर भरलं. आणि १८९० साली ते वाटलं गेलं. मठात लॅटिन आणि सिरियन अशा दोन्ही उपासनापद्धतींच्या भगिनी एकत्र राहत होत्या. चर्चमध्ये दोन्ही परंपरांचा कारभार वेगळा झाला, तशी मठाचीही फाळणी झाली. घर सिरियन भगिनींकडे गेलं. एलिश्वा लॅटिन परंपरेच्या. ज्या घराची पहिली चूल त्यांनी पेटवली, तिथून एकोणसाठाव्या वर्षी त्या लेकीला आणि बहिणीला घेऊन बाहेर पडल्या, वरापुळ्याला गेल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. १८ जुलै १९१३ रोजी तिथंच त्यांचं निधन झालं. ८ नोव्हेंबर २०२५ रोजी वल्लारपाडमला त्यांना धन्यपद जाहीर झालं.

आता आमच्या चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, यावं. १९६२ साली रोमनं चांद्याचं नवं मिशनक्षेत्र आखलं आणि ते सिरियन परंपरेतल्या सिरो-मलबार चर्चच्या, फादर चावरांच्या परंपरेतल्या धर्मगुरूंकडे सोपवलं. तेव्हा गडचिरोली जिल्हाही नव्हता. तो १९८२ साली झाला. या धर्मप्रांतात ‘मदर ऑफ कार्मेल’ संघाच्या (सीएमसी) ज्या भगिनी काम करतात, त्या फाळणीनंतर कूनम्मावच्या घरात राहिलेल्या शाखेच्या. संस्थापक म्हणून त्या फादर चावरा आणि फादर लिओपोल्ड यांची नावं घेतात. एलिश्वांना संस्थापिका मानणारा संघ दुसरा, वरापुळ्याचा.

चंद्रपूरहून मूल-सावलीमार्गे येणाऱ्या एसटीत कधी एखाद्या सिस्टर दिसतात. मांडीवर वह्यांचा गठ्ठा. शेजारची बाई लेकराचा ताप त्यांना सांगत असते आणि त्या मलयाळी वळणाच्या मराठीत विचारत असतात, औषध कधीपासून बंद केलं? अशा वेळी मला एलिश्वांची आठवण येते. ज्या दारातून त्यांना निघावं लागलं, त्याच दाराकडून निघालेली वाट वैनगंगेपर्यंत पोचली. बांबूचा नवा कोंबही जुन्या खोडावर फुटत नाही. जमिनीखालच्या गड्ड्यातून निघतो आणि शेजारी वेगळा उगवतो.

एखाद्या कामाचं श्रेय कुणाचं, यावर चर्चच्या इतिहासकारांनी जरूर लिहावं. माझं मागणं साधं आहे. आमच्या रानातल्या मुलींना, त्या गोंड असोत, माडिया असोत, कुठल्याही देवाला हात जोडणाऱ्या असोत, ही बाई माहीत असावी. उभं केलेलं घर ऐन म्हातारपणी हातचं गेलं तरी काम हातचं जात नाही, हे तिनं जगून दाखवलं. घर वाटून घेता येतं. मुलीला अक्षर शिकवायची सवय एकदा लागली की ती कुणाच्याच वाट्यात मावत नाही.