आई, मी तुझ्यामुळे भारतीय आहे!

संविधानाचा दुसरा भाग अवघ्या सात अनुच्छेदांचा. पाच ते अकरा. बेअर अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे भाष्याविना नुसत्या मजकुराच्या प्रतीत, दोन-चार पानांत संपतो. तो वाचल्यापासून मी घरात कुणाला धड जेवू देत नाही, अशी तक्रार आहे. असू दे! एलएलबीला नाव घातलं तेव्हा संविधान हा घोकंपट्टीचा पेपर असणार, अशी माझी पक्की समजूत होती. शाळेत नागरिकशास्त्र इतिहासाच्या शेपटाला बांधलेलं असायचं. मूलभूत हक्कांची नावं लिहिली की गुण पदरात. आणि आता नोकरी सांभाळून सकाळी सातच्या लेक्चरला डोळे चोळत बसते, तर तासाभरात झोप कुठल्या कुठे उडालेली असते. अहो, हे केवढं जिवंत प्रकरण आहे! इतकी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही?

तारीखच घ्या. संविधान २६ जानेवारी १९५० पासून लागू झालं, हे पोरासोरांनाही पाठ असतं. पण अनुच्छेद ३९४ उघडा. नागरिकत्वाचे पाच ते नऊ हे अनुच्छेद २६ नोव्हेंबर १९४९ लाच, तिथल्या तिथे लागू झाले. म्हणजे देश प्रजासत्ताक व्हायच्या दोन महिने आधीच माणसं नागरिक झाली होती! निवडणूक आयोगाचा अनुच्छेदही त्याच दिवशीचा. आधी नागरिक कोण ते ठरवा, मग निवडणुकीचं बघा. हा क्रम लक्षात आला आणि मी शेजारच्या बाकावरच्या मुलीचा दंडच धरला.

मग सहावा आणि सातवा अनुच्छेद. पाकिस्तानातून १९ जुलै १९४८ च्या आधी आलात, तर नियम वेगळा. त्या दिवशी किंवा नंतर आलात, तर सहा महिने राहून नोंदणी करा. वरवर रुक्ष मजकूर, पण आत अख्खी फाळणी भरलेली. गाड्यांतून, पायी, पोरंबाळं घेऊन आलेल्या माणसांसाठी कुणाला तरी एक तारीख ठरवायची होती. नागरिकत्वाच्या अनुच्छेदाने मसुदा समितीचं डोकं फार दुखवलं, असं खुद्द आंबेडकरांनीच संविधान सभेत सांगितलं होतं. मला त्यात नवल वाटत नाही.

पण माझी खरी भंबेरी उडवली ती १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ३ ने. माझा दादा १९८६ चा, मी १९८९ ची. गाव एक, दवाखाना एक, डॉक्टरीणबाईही त्याच. आणि तरी आम्ही दोघं वेगवेगळ्या नियमांनी भारतीय आहोत! १ जुलै १९८७ च्या आधी जो भारतात जन्मला तो भारतीय. परदेशी वकिलातीतल्यांची मुलं वगैरे अपवाद सोडले, तर आईबाप कोण हा प्रश्नच नाही. त्या तारखेपासून पुढे मात्र आई किंवा वडील, एक तरी भारतीय नागरिक हवा. ३ डिसेंबर २००४ पासून नियम आणखी आवळला: दोघंही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. माझी लेक या तिसऱ्या नियमातली. आम्ही तिघं एका ताटात जेवतो, पण दादाला जन्मभूमीने नागरिक केलं, मला आईबाबांपैकी एकाच्या नागरिकत्वाने, आणि लेकीसाठी माझी आणि नवऱ्याची, दोघांची बाजू तपासावी लागते. यामागे आसामचं आंदोलन आहे, १९८५ चा करार आहे. कुठे ब्रह्मपुत्रेचं खोरं आणि कुठे आमचं स्वयंपाकघर! त्याच मधल्या सुट्टीत मी फोन लावला, "आई, मी तुझ्यामुळे भारतीय आहे!" पलीकडून उत्तर आलं, "बरं. परीक्षेला येणार आहे का हे?"

वर्गात म्हापशाची एक मैत्रीण आहे. तिच्या घरची गोष्ट आणखी निराळी. गोवा मुक्त झाल्यावर १९६२ साली सरकारने आदेश काढला: २० डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण किंवा दीवमध्ये तुम्ही स्वतः, तुमचे आईवडील किंवा आजी-आजोबा जन्मले असतील, तर तुम्ही भारतीय, जुनंच नागरिकत्व ठेवायचं असेल तर महिन्याभरात लेखी कळवा. मोंतेरो नावाच्या एका पाद्रींनी पोर्तुगीजच राहायचं ठरवलं, राहण्याच्या परवान्याची मुदत संपल्यावर ती वाढवून मागितली नाही आणि प्रकरण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९६९ मध्ये ते हरले. यावर एखादी कादंबरी कशी नाही कुणी लिहिली!

आता हक्क. अनुच्छेद १९ मधलं भाषणाचं, फिरण्याचं, कुठेही राहण्याचं स्वातंत्र्य फक्त नागरिकांना. पण १४ आणि २१, म्हणजे समानता आणि जीवित, हे या भूमीवरच्या कुणालाही. हावडा स्टेशनवर एका बांगलादेशी महिलेवर रेल्वेच्या माणसांनी सामूहिक बलात्कार केला. ती परदेशी, तिला भरपाई कशी मागता येईल, असा युक्तिवाद झाला. २००० साली सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला आणि दहा लाखांची भरपाई कायम ठेवली. हा निकाल वाचताना वर्गात कुणी चुळबुळसुद्धा केली नाही.

आणि ओल्गा टेलिस खटला, मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा! गाइडमध्ये याचं एका ओळीत लोणचं घातलेलं असतं: 'उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ चाच भाग.' मॅडमनी सांगितलं, मूळ निकाल काढा, आधी हकीकत वाचा. काढला. संगमनेरचा एक चांभार, दिवसाला सात-आठ रुपये कमावणारा. गावातलं घर पडलं म्हणून १९६९ मध्ये मुंबईला आला आणि महिना साडेतीनशेवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवरच्या जागेसाठी त्याने तिथल्या गुंडाला तीनशे रुपये मोजले, बांबू आणि प्लॅस्टिकला सातशे. हे सगळं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात, रुपयांनिशी! दुसरा सालेमहून आलेला शेतमजूर. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, झोपडी पाडून त्याला बायको-मुलींसकट सालेमच्या बसमध्ये बसवून दिलं. तो कामाच्या शोधात परत आला आणि पुन्हा फुटपाथवरच राहिला. जगण्याचा हक्क आहे पण जगण्याचं साधन काढून घेता येतं, हे म्हणणं टिकत नाही, असं पाच न्यायमूर्तींनी एकमताने ठरवलं. पण गाइड पुढचं सांगत नाही: फुटपाथवर राहण्याचा हक्क काही मिळाला नाही. झोपड्या हटवायला मुभा मिळालीच. फक्त पावसाळा उलटून जाईपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत थांबा, आणि १९७६ च्या गणनेची ओळखपत्रं असलेल्यांना पर्यायी जागा द्या. हक्क मोठा, पदरात पडलं ते थोडं. मला हा निकाल थोर वाटतो आणि अपुराही वाटतो, आणि दोन्ही एकदम वाटायला माझी हरकत नाही.

तो लिहिला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूडांनी, १० जुलै १९८५ रोजी, निवृत्तीच्या आदल्या दिवशी. आणीबाणीत, १९७६ साली, बेकायदा अटकेविरुद्धही कोर्टात जाता येणार नाही म्हणणाऱ्या बहुमतात हेच चंद्रचूड होते. जबलपूर खटल्याच्या नावाने ओळखला जाणारा तो निकाल २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी मोडीत काढला. तसं लिहिणारे न्यायमूर्ती त्यांचे चिरंजीव. नाटककाराने असं रचलं असतं तर आपण त्याला अतिशयोक्त म्हटलं असतं.

पुढच्या आठवड्यात आमचं मूट, म्हणजे सरावाचा खटला आहे, विषय फुटपाथवरचे फेरीवाले, आणि माझ्या वाट्याला आलीय महापालिकेची बाजू! तयारी जोरात चालू आहे. तोवर तुम्ही एक करा. सुप्रीम कोर्टाचे निकाल इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, संविधानाची मराठी प्रतही सरकारने काढलेली आहे. वकील व्हायचं नसलं तरी ओल्गा टेलिस काढा, आणि कायद्याचा कीस पुढे पडेल तेव्हा पडू दे. आधी त्या संगमनेरच्या माणसाची हकीकत वाचा.