एक्केचाळीस संध्याकाळींची भागीदारी

उन्हाळा सरू लागला की कॅनडातील विनिपेग शहरात कित्येक घरांत एक छोटी बैठक भरते. मेजावर सामन्यांचे वेळापत्रक असते, भोवती तीन-चार कुटुंबांतील माणसे असतात, आणि वाटून घ्यायच्या असतात दोन खुर्च्या. ‘विनिपेग जेट्स’ हा तेथील व्यावसायिक आइस हॉकी संघ गेली अनेक वर्षे दर हंगामात घरच्या बर्फावर ४१ सामने खेळत आला आहे. ऑक्टोबर ते एप्रिल हा साखळी सामन्यांचा काळ. म्हणजे भर हिवाळ्यात आठवड्यातील एक-दोन संध्याकाळी या एकाच कामी द्यायच्या. तेवढा पैसा आणि तेवढा वेळ एका कुटुंबाला झेपणे कठीण, म्हणून हंगामी तिकीट भागीदारीत घेण्याची रीत पडली आहे. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो. पहिल्याने एक सामना निवडायचा, मग दुसऱ्याने, तिसऱ्याने. शेवटच्याने एकदम दोन, आणि मग उलट्या क्रमाने परत. टोरांटो आणि मॉन्ट्रियल यांच्याविरुद्धचे सामने पहिल्याच फेरीत उचलले जातात. नोव्हेंबरातील एखाद्या मंगळवारचा, दूरच्या अमेरिकी शहरातील दुबळ्या संघाशी होणारा सामना मात्र अखेरपर्यंत तसाच पडून राहतो. एकत्र कुटुंबातील दुकानाच्या वाटण्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही बैठक परकी वाटू नये. शिवाय ४१ला चाराने भाग जात नाही. उरलेला एक सामना कोणाच्या नावे टाकायचा, हा प्रश्न दरवर्षी नव्याने निघतो.

संघ शहरात राहणार की जाणार, हे मात्र त्या मंगळवारच्या सामन्याचे पैसे भरणाऱ्या माणसावरच ठरते. हे विनिपेगकरांना कोणी समजावून सांगावे लागत नाही, कारण त्यांनी एकदा संघ गमावलेला आहे.

जेट्सचा आरंभ मोठ्या थाटाचा होता. १९७२ साली बॉबी हल या नामांकित खेळाडूला नव्याने निघालेल्या एका प्रतिस्पर्धी लीगमध्ये खेचून आणण्यासाठी दहा लाख डॉलर देण्यात आले, आणि तो भला मोठा धनादेश शहराच्या मुख्य चौकात सर्वांसमक्ष त्याच्या हाती दिला गेला. गंमत अशी, की त्या रकमेत लीगमधील इतर संघांनीही वाटा उचलला होता. प्रतिस्पर्ध्याच्या खरेदीला आपण वर्गणी द्यावी, असा व्यवहार बाजारात क्वचितच दिसतो. पण लीगलाच पत मिळवायची होती, आणि पत एकट्यादुकट्याची नसते, हे त्या मंडळींनी ओळखले होते. पुढे १९७९मध्ये संघ ‘नॅशनल हॉकी लीग’ या मुख्य स्पर्धेत दाखल झाला. १९९६मध्ये मात्र तो अमेरिकेतील फिनिक्स शहराला विकून हलवण्यात आला. त्याचे कारण वाणिज्याच्या विद्यार्थ्याला एका ओळीत कळेल: तिकिटांचे उत्पन्न कॅनडाच्या डॉलरमध्ये, खेळाडूंचे वेतन अमेरिकेच्या डॉलरमध्ये, आणि पहिला डॉलर दुसऱ्यापुढे घसरत चाललेला. क्रीडागृह जुने झालेले, वेतनावर कमाल मर्यादा नाही. संघ वाचवण्यासाठी सभा झाल्या, निधी जमला, लहान मुलांनी गल्ले फोडले. २८ एप्रिल १९९६ रोजी डेट्रॉइटविरुद्ध अखेरचा सामना हरल्यानंतर लोक घरी गेले, आणि पंधरा वर्षे या लीगचा एकही सामना त्या शहरात झाला नाही.

ही पंधरा वर्षे लक्षात घेतल्याशिवाय २०११चा प्रसंग समजत नाही. वेतनाला कमाल मर्यादा घालण्याचा नियम २००५पासून लागू झाला होता, त्यामुळे लहान शहराला पुन्हा आशा धरता येत होती. ३१ मे २०११ रोजी स्थानिक मालकांनी अटलांटाचा संघ विकत घेऊन विनिपेगला आणत असल्याचे जाहीर केले आणि १३ हजार हंगामी तिकिटांची मागणी केली. एका हंगामाचा वायदा चालणार नव्हता. खुर्चीप्रमाणे तीन ते पाच वर्षांची हमी द्यायची होती. राखीव विक्री आटोपून ४ जूनला सर्वांसाठी विक्री उघडली, आणि उरलेली तिकिटे १७ मिनिटांत संपली. त्या दिवशी संघाला नावसुद्धा नव्हते! ‘जेट्स’ हे नाव त्यानंतर तीन आठवड्यांनी जाहीर झाले. मालाला नाव नाही, दर्जाची खात्री नाही, आणि ग्राहक पाच वर्षांचे पैसे कबूल करून बसला आहे. पहिल्या सामन्यात ९ ऑक्टोबरला मॉन्ट्रियलने त्यांना ५-१ असे हरवले, तरी प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

क्रीडागृह ज्या जागी उभे आहे, तिचीही कथा व्यापाऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. तेथे पूर्वी ईटन या कंपनीचे प्रचंड दुकान होते. टिमोथी ईटन यांनी १८६९ साली टोरांटोत धंदा सुरू केला तो तीन नेमांवर: भाव ठरलेला, विक्री रोखीची, आणि माल पसंत न पडल्यास पैसे परत. १९०५मध्ये विनिपेगचे दुकान निघाले. छापील सूचीवरून टपालाने माल मागवणारी पश्चिम कॅनडातील शेतकरी कुटुंबे त्याची ग्राहक होती. १९१९मध्ये नोकरवर्गाने संस्थापकांचा ब्राँझचा पुतळा करून दिला. १९९९मध्ये कंपनी बुडाली, पुढे इमारत पाडली गेली, आणि २००४मध्ये तेथे क्रीडागृह उघडले. पुतळा मात्र आतच आहे. बसलेल्या टिमोथी ईटन यांच्या डाव्या बुटाचे टोक घासले की दैव अनुकूल होते, अशी जुनी समजूत. त्यामुळे ते टोक चकचकीत झाले आहे. सामन्याला आलेली मुले बापाचा हात सोडून आधी तिकडे धावतात.

बाहेर तापमान शून्याखाली पंचवीस-तीस अंश. जाड कोट, लोकरी टोप्या, गोठलेल्या मिशा. आत आल्यावर थंडी वेगळ्या प्रकारची लागते, कोरडी आणि सुखद. राष्ट्रगीतात मालक कंपनीच्या नावाशी जुळणारे दोन शब्द येताच सारे प्रेक्षागृह ते गर्जून म्हणते. मग खेळ सुरू होतो. नवख्याला प्रथम काही दिसतच नाही. सुमारे १७० ग्रॅम वजनाची रबराची ती चकती, तिला पक म्हणतात, ती डोळ्यांना सापडत नाही. ऐकू येते ते स्केटच्या पात्यांनी बर्फ कातरल्याचे करकरणे आणि कडेच्या फळ्यांवर आदळल्याचा धडाका. खेळाडू पाऊण मिनिटभर जीव तोडून धावतात, खेळ न थांबता बाहेर येतात आणि दुसरे उड्या मारून आत शिरतात. दूरदर्शनवर हे कळत नाही. वरच्या स्वस्त खुर्चीवरून छान कळते. वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड. मधल्या वेळात झांबोनी नावाचे यंत्र सावकाश फिरून बर्फ पुन्हा आरशासारखा करते, आणि हजारो माणसे ते पाहत बसतात. मुष्टियुद्ध मात्र या खेळाला लागलेला डाग आहे. पाच मिनिटे बाहेर बसवण्याच्या शिक्षेने तो धुऊन निघत नाही, आणि मुलांना घेऊन आलेल्या पालकांनी त्या वेळी टाळ्या वाजवू नयेत.

तर अशा या शहरात फेब्रुवारी २०२४मध्ये संघाचे प्रमुख मालक मार्क चिपमन यांनी उघडपणे सांगितले, की हंगामी तिकिटे १३ हजारांवरून साडेनऊ हजारांच्या आसपास आली आहेत आणि असे फार काळ चालणार नाही. महासाथीच्या काळात एक हंगाम रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळला गेला होता, आणि त्या काळात कित्येकांची सामन्याला जाण्याची सवय सुटली. त्यातच सुटी तिकिटे ऐन वेळी स्वस्तात मिळू लागली. मग भागीदारीतल्या एकाने अंग काढून घेतले की उरलेल्या तिघांवर जास्त सामने पडत, नको असलेले सामने विकावेत तर निम्मे पैसेही येत नसत, आणि पुढच्या वर्षी तीच बैठक मोडत असे. विनिपेगची लोकसंख्या सुमारे साडेसात लाख. मोठ्या कंपन्यांची मुख्यालये मोजकी. इतर शहरांत कंपन्या जो भार उचलतात, तो येथे शिक्षक, परिचारिका आणि छोटे दुकानदार उचलतात.

मालकांपैकी दुसरे, डेव्हिड थॉमसन, कॅनडातील सर्वांत धनाढ्य घराण्याचे. तेव्हा सामान्य ग्राहकाने त्यांच्या खुर्च्यांची चिंता का वाहावी, असा प्रश्न शहरात विचारला गेला, आणि तो रास्तच होता. ग्राहक सोडून गेला तर दोष ग्राहकाचा नसतो, हे ईटन यांच्या दुकानात तरी निराळे सांगावे लागले नसते. व्यवस्थापनानेही ते ओळखले असावे. लोकांशी पुन्हा बोलणी सुरू झाली, कमी सामन्यांच्या योजनांकडे लक्ष देण्यात आले. दरम्यान ऑक्टोबर २०२३मध्येच संघाचे दोन आधारस्तंभ, गोलरक्षक कॉनर हेलेबक आणि मार्क शायफली, यांनी प्रत्येकी सात वर्षांचे नवे करार केले होते. खेळाडूंनी या लहान, थंड शहरात राहायचे ठरवले, आणि प्रेक्षकांच्या मनात शंका, असा तो उलटा प्रकार होता.

२०२४-२५च्या हंगामात जेट्सने ५६ सामने जिंकून साखळीत प्रथमच पहिले स्थान मिळवले. बाद फेरीत सेंट लुइसशी गाठ पडली आणि ४ मे २०२५ रोजी, रविवारी, सातवा निर्णायक सामना घरच्या बर्फावर आला. अशा सामन्यांना सारे प्रेक्षक नखशिखान्त पांढरे कपडे घालतात. १९८७मध्ये कॅलगरीच्या लाल रंगाला उत्तर म्हणून सुरू झालेली ही प्रथा जुना संघ गेल्यावरही मेली नव्हती. दोन मिनिटे उरली तेव्हा जेट्स ३-१ असे मागे होते. काही माणसे कोट चढवून जिन्याकडे निघालीही असतील. मग एक गोल झाला, आणि अवघे तीन सेकंद उरले असताना कोल परफेट्टीने बरोबरी साधली. पहिला जादा पिरियड गोलाविना गेला. दुसऱ्या जादा पिरियडात कर्णधार ॲडम लाउरीच्या काठीला लागून पक जाळ्यात गेला.

पुढच्या फेरीत डलासने त्यांना घरी पाठवले. पण त्या रविवारी रात्री उशिरापर्यंत पांढऱ्या कपड्यांतील माणसे रस्त्यावर रेंगाळत होती, आणि त्यांत कोणी खुर्ची राखून ठेवलेली होती आणि कोणी परत केलेली, हे ओळखण्याचा काही मार्ग नव्हता.