ग्रीस लागलेली चकती : दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातील एक अनुभव

मोटारीच्या ब्रेकची चकती, जिला गॅरेजमध्ये ‘डिस्क’ किंवा ‘डिस्क प्लेट’ म्हणतात, ही बिडाची, म्हणजे राखाडी ओतीव लोखंडाची, चाकाबरोबर फिरणारी थाळी असून तिच्या दोन्ही बाजूंवर पॅड दाबले गेले की गाडीच्या गतीतील ऊर्जा उष्णतेत बदलते. पॅड आणि चकती यांच्यातील घर्षणगुणांक, म्हणजे दाबाच्या किती पट रोध निर्माण होतो हे सांगणारा आकडा, प्रवासी गाड्यांत साधारणपणे ०.३ ते ०.४ असतो, मात्र दोहोंच्या मध्ये तेल, ग्रीस किंवा ब्रेक ऑइल शिरले की हा आकडा एकदम खाली येतो, आणि तोही बहुधा एकाच चाकावर.

दिंडोरी तालुक्यात अशा दूषणाचे एक कारण द्राक्षबागांतूनच येते. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर बागेच्या ओळींत आणि पाणंदीवर कापलेल्या काड्यांचा खच पडतो. त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट, म्हणजे चाक वळलेले असतानाही त्याला फिरवत ठेवणाऱ्या सांध्यावरील घड्यांचे आवरण, अशा टोकदार काडीने फाटू शकतो. प्रस्तुत लेखकाच्या गाडीबाबत नेमके हेच घडले. डाव्या सांध्यातील काळे ग्रीस फिरत्या शाफ्टने सभोवार उडवले आणि ते चकतीच्या आतल्या बाजूवर बसले. बाहेरून, चाकाच्या जाळीतून पाहिल्यास चकती लखलखीत दिसत होती, त्यामुळे दोष नजरेला न येता प्रथम स्टिअरिंगवरच जाणवला. नाशिकहून दिंडोरीकडे येताना ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढली जाई, कारण डावे चाक पकड सोडत होते आणि उजवे धरत होते. आपल्याकडे उजवी बाजू म्हणजे समोरून येणाऱ्या वाहतुकीची बाजू, म्हणून हे लक्षण एक दिवसही अंगावर काढण्यासारखे नाही.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. पावसाळ्यात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चकतीवर सकाळी दिसणारा तांबूस गंज, किंवा ब्लोअरने फवारलेल्या बोर्डो मिश्रणाचे, म्हणजे मोरचूद आणि चुना यांच्या पाण्यातील मिश्रणाचे, वाळलेले निळसर ठिपके, हे दोन्ही वरवरचे असतात आणि ब्रेकच्या पहिल्या काही दाबांत पॅड ते घासून काढतो. तेलकट पदार्थाची गोष्ट निराळी आहे. पॅड हा राळेने बांधलेल्या तंतू, धातूचूर्ण आणि खनिजांचा दाबून केलेला, सूक्ष्म छिद्रांचा ठोकळा असल्याने तापून पातळ झालेले ग्रीस त्याच्या आत मुरते, वरून पुसले तरी पुढच्या उतारावर उष्णतेने पुन्हा बाहेर येते, आणि पॅड आगीवर धरून ते जाळण्याचा जो उपाय काही ठिकाणी केला जातो त्यात ती राळच जळून पॅड कमकुवत होतो. लोखंडात मात्र ग्रीस तसे मुरत नाही. म्हणून दूषित चकती बहुतेक वेळा वाचते आणि दूषित पॅड वाचत नाही, असा निष्कर्ष येथे काढला गेला, आणि ब्रेकच्या बाबतीत पॅडच्या किमतीची काटकसर करण्याचे समर्थन कोणत्याही अंगाने होऊ शकत नाही.

धुण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल वापरण्याची सवय सार्वत्रिक असली तरी ती दोन प्रकारे घातक आहे : ही द्रव्ये उडून गेल्यावरही तेलाचा पातळ थर मागे ठेवतात, आणि कॅलिपरमधील, म्हणजे पॅड चकतीवर दाबणाऱ्या पकडीतील, रबरी सील ब्रेक ऑइलला सरावलेले असले तरी खनिज तेलाने फुगतात. त्याऐवजी ब्रेक क्लीनर, म्हणजे पटकन उडून जाणाऱ्या द्रावकांचा फवारा, वापरावा लागतो. तो नुसता मारून सुकू दिल्यास विरघळलेले ग्रीस तेथेच पुन्हा पसरते, म्हणून प्रत्येक फवाऱ्यानंतर कोरे फडके फिरवणे आणि फडक्यावर काळा डाग उमटेनासा होईपर्यंत ते चालू ठेवणे, हीच खरी पद्धत. येथे चकती उतरवून दोन्ही बाजू, मधल्या हवेच्या फटी, कॅलिपर आणि हब, म्हणजे चकती व चाक ज्यावर बसतात तो मधला भाग, हे सारे असे धुतले गेले, नंतर पृष्ठभागावर पॉलिश पेपर हलकेच फिरवला गेला. त्याआधी सांधा उघडून त्यात शिरलेली माती काढणे, ताजे ग्रीस भरणे आणि नवा बूट चढवणे हे काम पूर्ण करण्यात आले होते, कारण ग्रीसचा उगम तसाच ठेवून चकती धुणे व्यर्थ असते.

चकती बदलावी की ठेवावी, हे तिच्या रंगावरून नव्हे तर जाडीवरून ठरते. किमान जाडीचा आकडा तिच्या कडेवर किंवा मधल्या भागावर उमटवलेला असतो. या गाडीसाठी तो १५ मिलिमीटर होता आणि मायक्रोमीटरने अनेक ठिकाणी मोजलेली जाडी सुमारे १६ मिलिमीटर भरली, म्हणून चकत्या राहिल्या. बदलायच्याच असत्या तर पुढच्या दोन्ही चाकांच्या एकदम बदलाव्या लागल्या असत्या, आणि नव्या चकतीवर गंज टाळण्यासाठी लावलेले तेल असल्याने त्याही आधी धुवाव्या लागल्या असत्या. हबच्या ज्या पृष्ठावर चकती टेकते तेथील गंज खरवडणेही तितकेच महत्त्वाचे, कारण तेथे राहिलेला कण चकती तिरकी बसवतो आणि काही काळाने ब्रेक दाबताना पायाला थरथर जाणवू लागते.

नवे पॅड दोन्ही पुढच्या चाकांना बसवल्यानंतर वणीच्या रस्त्यावर, वाहतूक कमी असताना, मध्यम वेगावरून पूर्ण न थांबता वेग उतरवणे आणि मध्ये पुरेसे अंतर चालवून चकत्या थंड होऊ देणे, असा क्रम काही काळ केला गेला. याने पॅडच्या पदार्थाचा समान थर चकतीवर बसतो. त्यानंतरच नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट घेण्यात आला. १,००० किलो वजनाची गाडी १०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे १० लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते, जी ३ लिटर पाण्याला उकळी आणण्यास पुरेशी आहे. म्हणून उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहून इंजिनाचा रोध वापरला गेला आणि ब्रेक अधूनमधून दाबला गेला. गाडी सरळ रेषेत थांबली. आता दर खरड छाटणीनंतर स्टिअरिंग पूर्ण वळवून दोन्ही बूट विजेरीच्या उजेडात तपासले जातात.