खुलताबादच्या मातीत

अम्मींच्या इंतकालानंतरचा पहिलाच पावसाळा गेला आणि त्यांची कबर खचली. नगरच्या आमच्या कब्रस्तानात काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघे भावंडे घरी जमलो तेव्हा भाईजानांनी विषय काढला. कबर पक्की करायची, वर संगमरवर बसवायचा, त्यावर नाव कोरायचे. कारागिराने साठ हजार सांगितले होते आणि भाईजान ते एकटे द्यायला तयार होते.

आपा म्हणाल्या, "कबर पक्की करायला हदीसमध्ये मनाई आहे, भाईजान."

"मला माहीत आहे. पण आपलं कब्रस्तान भरलंय. दहा-पंधरा वर्षांत त्याच जागेवर दुसरी मय्यत येईल. मग फातेहा पढायला कुठं उभं राहायचं?"

धाकटा काहीच बोलला नाही. अम्मी गेल्यापासून तो कब्रस्तानात आला नव्हता. शेवटी म्हणाला, "मला तिथं फक्त माती दिसते. अम्मी कुठं आहे ते कळत नाही. तुम्हाला खात्री आहे, मला नाही."

वाचकहो, दीनदार म्हणवणाऱ्या घरात असे वाक्य उच्चारले गेले की सगळे गप्प होतात. आम्हीही झालो. ती शांतता भाईजानांच्या आठ वर्षांच्या मुलीने मोडली. "दादी मला खुलताबादला नेणार होती. आता कोण नेणार?"

अम्मी लहानपणी एकदा आपल्या अब्बांबरोबर तिथे गेल्या होत्या. बादशहाच्या कबरीवर छप्पर नाही, ही गोष्ट त्या आम्हालाही सांगत आणि नातीलाही. दुसऱ्या दिवशी फजरनंतर आम्ही निघालो.

नगरहून खुलताबादला जाणे म्हणजे एका जनाजाच्या वाटेने जाणे. औरंगजेब बादशहांचा इंतकाल ३ मार्च १७०७ रोजी नगरलाच झाला. भिंगारजवळ ज्या जागी त्यांना गुसल दिल्याचे सांगतात, तिला आजही आलमगीर म्हणतात. तिथून त्यांची मय्यत खुलताबादला नेण्यात आली. त्या काळी या वाटेला किती दिवस लागले असतील! आम्ही मोटारीने अडीच तासांत औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला पोहोचलो.

छोटीच्या हट्टामुळे आधी बीबी का मकबरा पाहिला. औरंगजेबांची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये बाळंतपणानंतर वारली. तिचा मुलगा शहजादा आजम शाह याच्या नावाने हा मकबरा ओळखला जातो. साडेसहा लाखांहून अधिक रुपये खर्च आल्याचे सांगतात. भाईजान बराच वेळ वरच्या जाळीतून खाली कबरीकडे पाहत उभे होते. लोक वरून नाणी टाकत होते, फोटो काढत होते. बाहेर आल्यावर ते एवढेच म्हणाले, "मुलानं आईसाठी बांधलं. पण इतक्या गर्दीत दुआ करणारं कुणी दिसलं नाही."

तो शहजादा १७०७ मध्येच, वडिलांनंतर काही महिन्यांत, तख्तासाठी भावाशी लढताना मारला गेला. आईचा मकबरा बांधणारा मुलगा वाटणीच्या लढाईत गेला, हे त्या वेळी आमच्यापैकी कुणीच बोलले नाही. पण ते प्रत्येकाच्या डोक्यात राहिले असावे.

शहरापासून खुलताबाद सुमारे २५ किलोमीटर. वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो, मग घाट चढला की गाव येते. खुल्द म्हणजे कायमचे राहणे, न संपणारे जीवन. इंतकालानंतर बादशहांना 'खुल्द-मकान' म्हटले गेले, त्यावरून हे नाव पडले. त्याआधी हे गाव रौजा म्हणून ओळखले जाई आणि जुनी माणसे अजूनही तसेच म्हणतात. चौदाव्या शतकात हजरत निजामुद्दीन औलिया यांचे मुरीद हजरत बुरहानुद्दीन गरीब दिल्लीहून दख्खनेत आले आणि त्यांचा मजार इथे झाला. पुढे त्यांचे खलिफा हजरत जैनुद्दीन शिराजी हेही इथेच दफन झाले. त्या बुजुर्गांच्या सावलीत जागा मिळावी म्हणून नंतर बादशहा, सुलतान, वजीर सगळे इथे आले. जिवंतपणी नव्हे, मय्यत होऊन.

जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या अंगणात एका कोपऱ्यात औरंगजेबांची कबर आहे. भोवतीची संगमरवरी जाळी नंतर निजामाच्या काळात बसवलेली. आत मात्र कच्ची माती, त्यात सब्ज्याचे रोप आणि वर आभाळ. टोप्या शिवून मिळवलेल्या थोड्या रुपयांतच आपले कफन-दफन व्हावे, अशी वसीयत त्यांनी केली होती असे सांगतात. जवळपास ४९ वर्षे राज्य केलेल्या माणसाची ही जागा. त्यांच्या राज्याबद्दल इतिहासात आणि आजच्या राजकारणात किती वाद आहेत ते वाचकांना ठाऊक आहे. आम्ही तिथे निवाडा करायला गेलो नव्हतो. निवाडा करणारा तो एकच आहे.

छोटीने खादिमांना विचारले, "पाऊस आला की बादशहा भिजत नाही का?"

म्हातारे खादिम हसले. "बेटी, बारिश तो रहमत है. छत के नीचे वाले को कम मिलती."

मग तिने हळूच आपांच्या ओढणीला ओढले. "फुफी, दादीला आत अंधारात भीती वाटत असेल का?"

आपांचे डोळे भरून आले, पण आवाज स्थिर होता. "दादी नमाज पढायची, तेव्हा लाईट गेली तर घाबरायची का? नाही ना? तिचा उजेड तिच्याबरोबर गेलाय. आपण दुआ करतो ना, तोही पोहोचतो."

आपांचे हे उत्तर आमच्या घराच्या अकीद्याचे सार आहे. कबरीतले जीवन, बरजख, मुन्कर-नकीर यांचे प्रश्न, कयामत, हश्र आणि मग जन्नत किंवा जहन्नम, हे सगळे आम्ही अम्मींच्या मांडीवर शिकलो. माणूस मेला की त्याच्या अमलांची वही बंद होते; तीनच वाटा उघड्या राहतात. चालू राहणारा सदका, लोकांना उपयोगी पडणारे इल्म आणि दुआ करणारी नेक औलाद. संगमरवर त्यात नाही. हे भाईजानांनाही पाठ होते.

जोहरची नमाज पढून आम्ही गावाबाहेर मलिक अंबरच्या मकबऱ्याकडे गेलो. नगरकरांना हे नाव घरचे वाटते. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस पुढे निजामशाहीचा वजीर झाला, आयुष्यभर मोगलांशी लढला आणि १६२६ मध्ये वारला. त्याने वसवलेल्या खडकी गावाचे पुढे औरंगाबाद झाले. त्याच्या मकबऱ्याला मोठा घुमट आहे, पण शहरात त्याचे नाव निघते ते नहर-ए-अंबरीमुळे. जमिनीखालून डोंगराचे पाणी शहरात आणणारी ती नहर त्याच्या नंतर कित्येक पिढ्यांची तहान भागवत राहिली. आपा म्हणाल्या, "घुमट पाहायला आपल्याला इथवर यावं लागलं. पाणी मात्र लोकांच्या दारात गेलं."

जवळच एक साधी, उघडी कबर आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याची. १६८७ मध्ये आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर औरंगजेबांनी गोवळकोंडा जिंकला आणि त्याला दौलताबादच्या किल्ल्यात कैद केले. मरेपर्यंत तो तिथेच राहिला. वाटेत आम्ही पाहिला तोच किल्ला.

धाकटा त्या कबरीपाशी थांबला. दिवसभरात पहिल्यांदाच तो आपणहून बोलला.

"कैद करणारा तिकडे, कैदी इकडे. माती एकच. म्हणजे सगळं इथंच संपत असेल तर दोघांचा हिशेब सारखाच झाला. ज्यानं सोसलं त्याचाही आणि ज्यानं घेतलं त्याचाही." थोड्या वेळाने तो म्हणाला, "हे मला पटत नाही. अम्मीचंही मग असंच झालं म्हणायचं."

अम्मींचे काय झाले होते ते आम्हा तिघांनाही माहीत होते. नानांच्या जमिनीतला त्यांचा हिस्सा त्यांना कधीच मिळाला नाही. भावांनी कागदावर सही घेतली, ईदला साडी पाठवली आणि विषय संपला. अम्मींनी भांडण केले नाही. फक्त म्हणत, "वर हिशेब होईल." आम्हाला तो त्यांचा दुबळेपणा वाटे. धाकट्याला त्या दिवशी तो दावा वाटला. अशा कोर्टात दाखल केलेला, जिथे कागद हरवत नाही.

"मला सगळ्याची खात्री झाली असं नाही," तो म्हणाला. "पण हिशेब व्हायला पाहिजे, एवढं मात्र मनापासून वाटतं. आणि तो इथं झालेला नाही."

भाईजान मान खाली घालून उभे होते. अम्मींच्या जनाजाच्या नमाजापूर्वी त्यांनीच सफेसमोर उभे राहून रिवाजाप्रमाणे सांगितले होते की मरहूमांकडे कुणाचे काही देणे असेल तर आमच्याकडून घ्या. सगळा मोहल्ला ऐकत होता, मामूही पहिल्या सफेत होते. कुणीच काही बोलले नाही. त्या वेळी आपा घरी बायकांत बसल्या होत्या.

"अम्मीचं देणं मी विचारलं," भाईजान म्हणाले, "आपलं नाही विचारलं."

अब्बा आधीच गेले होते. म्हणजे अम्मींच्या मागे दोन मुलगे, एक मुलगी. शरीयतप्रमाणे पाच हिस्से: दोन भाईजानांचे, दोन धाकट्याचे, एक आपांचा. घर अजून अम्मींच्याच नावावर होते. त्यांच्या चार बांगड्या भाभींच्या कपाटात होत्या. वर्ष उलटून गेले होते. आपांनी मागितले नव्हते आणि आम्ही दोघा भावांनी त्यालाच त्यांची माफी समजून घेतले होते. जसे मामूंनी अम्मींबाबत समजून घेतले होते.

परतीच्या वाटेवर फारसे बोलणे झाले नाही. छोटी सब्ज्याच्या बियांची पुडी हातात धरून झोपली होती.

त्यानंतर काय झाले ते थोडक्यात सांगतो. भाभींनी दुसऱ्याच दिवशी बांगड्या समोर आणून ठेवल्या, त्यांचे वजन झाले, मोल ठरले. घराची किंमत काढून आपांचा पाचवा हिस्सा लिहून झाला आहे. थोडी रक्कम दिली, बाकीची हप्त्यांनी देत आहोत. संगमरवराचे साठ हजार त्यातच गेले. कबरीची खचलेली माती आम्ही तिघांनी मिळून भरली. उशाशी एक बिनकोरीव दगड ठेवला. रसूलुल्लाह (स.) यांनीही आपल्या एका साथीच्या कबरीवर ओळखीसाठी दगड ठेवला होता, त्यामुळे भाईजानांचीही समजूत पटली. पुढे तिथे दुसरी मय्यत आली तर येवो. दुआला पत्ता लागत नाही. धाकटा आता जुम्याला कब्रस्तानात येतो. त्याचे प्रश्न संपलेले नाहीत आणि आम्ही ते बंदही करत नाही.

मामूंकडे आम्ही काही मागितलेले नाही. तो दावा अम्मींचा आहे. आपल्या घरात मात्र तसाच दुसरा दावा उभा राहू नये, एवढेच आमच्या हातात होते.

आखिरतवर ईमान आहे असे आपण सगळेच म्हणतो. खुलताबादच्या मातीत उभे राहिल्यावर आम्हाला कळले की त्या ईमानाची परीक्षा कबरीत सुरू होण्याआधी घराच्या कपाटात सुरू होते. तुमच्याही घरात एखाद्या बहिणीचा, फुफीचा हिस्सा न मागितल्यामुळे पडून असेल, तर तिने मागण्याची वाट पाहू नका.

अल्लाह आमच्या अम्मींची आणि तुम्हा सर्वांच्या मरहूमांची मगफिरत करो, त्यांच्या कबरी नूराने भरो आणि हिशेबाच्या दिवसाआधी आपापला हिशेब चुकता करण्याची तौफिक आपल्याला देवो. आमीन.