मैलापूर, एक जुनी ओम्नी आणि तेलाचा दिवा

नवरात्राच्या आधी मैलापूरला जाल तर कपालीश्वराच्या देवळामागची उत्तर माडा वीथी चालून बघा. फुटपाथभर मातीच्या बाहुल्या मांडलेल्या असतात. दशावतार, वऱ्हाड, पोट सुटलेले शेटजी-शेटाणी. इथल्या घरांत नऊ दिवस पायऱ्यांवर ‘कोलू’ मांडतात, त्याची ही खरेदी. ‘मयिल’ म्हणजे मोर. पार्वतीनं लांडोर होऊन इथं शंकराची पूजा केली अशी कथा आहे, गावाचं नाव त्यावरूनच. तलाव, गोपुर, फिल्टर कॉफी हे सगळं प्रवासवर्णनांत मिळेल. मला मात्र मैलापूर जास्त कळलं ते कचेरी रोडच्या आतल्या एका गल्लीत, गॅरेजच्या लाकडी बाकावर बसून.

माझी मावशी इथं राहते. काकांनी मागच्या वर्षी एक जुनी मारुती ओम्नी घेतली. शेजारच्या नृत्यशिक्षिकेच्या मुली, त्यांचे पोशाख, पेटी, मृदंग, सगळं त्यात मावतं. १९८४ मध्ये ही गाडी ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली, नंतर ‘ओम्नी’ झाली आणि २०१९ मध्ये नव्या सुरक्षा नियमांपुढे बंद पडली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, तेही पुढच्या सीटखाली! म्हणजे ड्रायव्हर अक्षरशः इंजिनावर बसलेला. त्याच्या आत काय चाललंय हे सांगायला समोर चार-पाच छोटे दिवे, एवढंच.

नवरात्रात मुलींचा कार्यक्रम कांचीपुरमला होता. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. काका आधी गाडी दाखवायला घेऊन गेले, मीही सोबत. मेकॅनिक अण्णांनी बॉनेटही उघडलं नाही. फक्त चावी फिरवली, इंजिन सुरू न करता, आणि डॅशबोर्डकडे बघत राहिले. बॅटरीचा दिवा मिणमिणला. हँडब्रेकचा लागला. तेलाचा लागलाच नाही.

मला वाटलं, दिवा नाही म्हणजे सगळं ठीक. पण उलट असतं. इंजिनला एक छोटा स्विच असतो. तेलाचा दाब नसताना तो जोडलेला राहतो आणि दिवा पेटतो. इंजिन सुरू झालं, दाब आला की स्विच सुटतो, दिवा विझतो. चावी फिरवल्यावर इंजिन बंदच असतं, म्हणून तेव्हा दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर दिवाच मेलाय, आणि मग तेल संपलं तरी तो काही बोलणार नाही.

अण्णांनी स्क्रू काढून मीटरचा डबा पुढे ओढला, स्पीडोमीटरची केबल सोडवली. मागे पातळ पट्टी, त्यावर तांब्याच्या रेघा, आणि एकेक बल्ब पाव फेरा फिरवून बसवलेला. तेलाच्या जागी होल्डर होता, पण रिकामा. कुणीतरी बल्ब काढून घेतला होता.

“विकायच्या आधी काढला असणार, सार,” अण्णा म्हणाले.

काका गप्प झाले. वर्षभर त्याच गाडीतून मुली नेल्या होत्या.

दहा-पंधरा रुपयांचा बल्ब लावला. चावी फिरवताच दिवा लागला, इंजिन सुरू करताच विझला. चला, झालं! पण अण्णांनी इंजिन तसंच चालू ठेवलं आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत इंजिन तापलं आणि तो लाल ठिपका फडफडायला लागला. मग स्विच काढून त्या जागी दाब मोजायचं घड्याळ लावलं. दाब खरंच कमी होता.

काकांनी खर्च विचारला, मग कार्यक्रमाची तारीख मनात मोजली. “आत्ता एवढी एक फेरी करू, मग उघडू?”

“बल्ब परत काढून देऊ, सार? मग मुलींना नेऊ नका,” अण्णा हसत म्हणाले, पण पाना हातातून ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी खालची तेलाची टाकी उतरवली. तेल ओढणाऱ्या जाळीवर डांबरासारखा काळा गाळ बसला होता. जाळी साफ केली, तेल आणि फिल्टर बदलला. घड्याळाचा काटा वर आला आणि इंजिन तापल्यावरही तिथंच राहिला.

बॅटरीच्या दिव्याची गंमत वेगळीच. त्या जागी कुणीतरी एलईडी लावला होता. जुन्या अल्टरनेटरना चार्जिंग सुरू करायला लागणारा थोडा करंट याच बल्बमधून मिळतो, आणि एलईडी तेवढा जाऊ देत नाही. अण्णांनी पुन्हा साधा बल्ब बसवला. मिणमिणण्याचं कारण मात्र अर्थिंगची वायर होती, तिच्या टोकावर हिरवा गंज चढला होता. समुद्र इथून जवळ, खारी हवा सगळ्या वायरींना खाते. वर ऑक्टोबर ते डिसेंबर इथला खरा पाऊस. तुमची गाडी मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत असेल तर तुम्हीही एकदा ही टोकं बघून घ्या. सँडपेपर पुरतो.

मीटरच्या डब्याची तुटलेली क्लिप आणायला आम्ही पुदुपेट्टैला गेलो. एग्मोरजवळचा हा जुन्या सुट्या भागांचा बाजार. दारं, आरसे, हेडलाइट, मीटर यांचे ढीग. काका एका दुकानात ओम्नीचे सहा मीटर हातात घेऊन उलटे करून बघत होते. दुकानदार वैतागला, “सार, तुम्हाला क्लिप हवी ना?”

काका होल्डर मोजत होते. सहापैकी दोनांत तेलाचा बल्ब नव्हता.